कोण कुठला, आणि सांगितलं कुणी? विकिपीडियाचं एक परीक्षण

विकिपीडियाचं परीक्षण कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत, सगळेच वापरतात. सगळेच वापरतात म्हणूनच लिहिते आहे. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. वर्गातली मुलं आता पाठ्यपुस्तकाच्या आधी विकिपीडिया उघडतात, आणि मी काही वेगळं सांगितलं की बाकावरून लगेच येतं, "मॅडम, पण तिथं तर असं लिहून आहे." माझ्या शब्दाहून ज्याचं वजन जास्त, ते तपासून पाहणं माझं कामच आहे. गेली काही वर्षं मी मराठी विकिपीडियावर संपादनही करते. इंग्रजी विकिपीडियावर वाचते जास्त, लिहिते कमी.

हे परीक्षण एकाच अंगाने केलेलं आहे. माणूस, पदार्थ, परंपरा 'कुठली' हे तिथं कसं ठरतं, आणि ते ठरवताना पुरावा कसा मागितला जातो? मत आधीच सांगते. वाचक म्हणून मी इंग्रजी विकिपीडियाला पाचपैकी चार देईन, मराठीला तीन. पण दोन्हीकडची खरी मोलाची जागा लेख नव्हे. ती आहे लेखाच्या मागचं चर्चापान, जिथं लिहिणारे मजकुरावर वाद घालतात, आणि लेखातला प्रत्येक बदल दाखवणारी 'इतिहास पहा' ही कळ. आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी दाबलेली नसते.

माणसावरच्या लेखात एका बाजूला माहितीचौकट असते आणि तिच्यात 'जन्मस्थान' अशी ओळ असते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला ती ओळ भरताना फार विचार करावा लागत नसेल. नागपूरकराला करावा लागतो. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. 1936 पासून नाव झालं मध्य प्रांत आणि वऱ्हाड. 1950 साली मध्य प्रदेश हे राज्य आलं, राजधानी नागपूरच. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. माझ्या सासूबाईंचा जन्म 1953 चा, नागपूरच्या महाल भागातला. नागपूर सोडून त्या कधी राहिल्या नाहीत, पण शाळेच्या दाखल्यावर त्यांचं राज्य मध्य प्रदेश आहे.

वर्गात मी नेहमी एक तारीख फळ्यावर लिहिते, 14 ऑक्टोबर 1956. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली तो दिवस. मग विचारते, हे कोणत्या राज्यात घडलं? सगळी मुलं महाराष्ट्र म्हणतात. नागपूर त्या दिवशी मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्य पुनर्रचना अमलात यायला अजून अठरा दिवस होते. दीक्षाभूमीच्या शेजारून रोज कॉलेजात येणारी मुलंसुद्धा हे ऐकून एकमेकांकडे पाहतात.

आता कवी ग्रेस घ्या. जन्म नागपूर, 1937. चौकटीत 'नागपूर, महाराष्ट्र' लिहिलं तर वाचकाला शहर सापडतं, पण 1937 साली महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. इंग्रजी विकिपीडियाच्या चौकटीसोबत जी सूचना आहे ती सांगते की जन्माच्या वेळी गावाचं जे नाव होतं तेच लिहा, आणि उदाहरण देते व्हिएतनाममधल्या सायगॉनचं, ज्याचं पुढे हो चि मिन्ह सिटी झालं. त्याच न्यायाने नागपूरच्या पुढे 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड, ब्रिटिश भारत' असं यायला हवं. मला हे पटतं. विद्यार्थ्याला ते खटकतं, तो विचारतो, आणि विचारलं की इतिहास सुरू होतो. याउलट आजचं राज्य चिकटवून दिलं की विदर्भाची 1960 आधीची सगळी राजकीय गोष्ट एका स्वल्पविरामात गडप होते.

या बाबतीत इंग्रजी विकिपीडियाने फार खस्ता खाल्ल्या आहेत आणि त्यातून जे शिकलं ते लिहून ठेवलं आहे. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराचंच पाहा. जर्मन नाव डान्झिग. कोणत्या लेखात कोणतं नाव लिहायचं यावरून जर्मन आणि पोलिश बाजूच्या संपादकांनी एकमेकांचे बदल इतके उलटवले की शेवटी 2005 साली मतदान घ्यावं लागलं. निकाल कालखंडाप्रमाणे लागला. 1308 पूर्वी ग्दान्स्क, 1308 ते 1945 डान्झिग, 1945 नंतर पुन्हा ग्दान्स्क. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन गप्प करण्यापेक्षा 'कोणत्या वर्षाबद्दल बोलता आहात?' हा प्रश्न मध्ये आणला, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून वेगळं काय हवं असतं?

निकोला टेस्लाचं प्रकरण याहून अवघड. 1856 साली स्मिल्यान गावात जन्म. गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घराणं सर्ब. 1891 पासून अमेरिकेचं नागरिकत्व. तो आमचा, नाही आमचा, ही चर्चा इतकी लांबली की टेस्लाच्या चर्चापानाला राष्ट्रीयत्व आणि वंश या विषयाचं एक वेगळं उपपान काढावं लागलं. विजेबद्दल बोलायचं तर मुख्य चर्चापानावर, सर्ब की क्रोएशियन हे तिकडे. कुणाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. मी ते उपपान बारावीच्या मुलांना दाखवते, कारण एखादा दावा, त्याचा पुरावा, त्या पुराव्यावरचा आक्षेप आणि आक्षेपाचं उत्तर इतकं ओळीने मांडलेलं दुसरीकडे सहज सापडत नाही.

चरित्रलेखाच्या पहिल्या वाक्यासाठी तिथं संकेत असा आहे की माणूस ज्या देशाचा नागरिक असताना नावारूपाला आला तो देश लिहावा. जन्मगाव, वंश, धर्म हे त्याच्या कामाशी जोडलेले असतील तरच वर आणावेत, एरवी खाली मजकुरात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना हा संकेत लावून पाहा. 1910 साली लाहोरला जन्म, घर तमिळ, कॉलेज मद्रासचं, पुढचं शिक्षण केंब्रिजला, 1937 पासून शिकागो, 1953 ला अमेरिकेचे नागरिक, 1983 ला नोबेल. लाहोर आज पाकिस्तानात आहे एवढ्यावरून कुणी त्यांना पाकिस्तानी म्हटलं तर आपण चिडतो, आणि चिडणं बरोबरच आहे. पण मग नोबेल भारताला मिळालं असंही सरळ म्हणता येत नाही. नियम आपल्याला हवं तिथेच कापतो असं नाही, आणि हे वर्गात सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते. हरगोविंद खुराणांच्या बाबतीत तर आणखी एक खड्डा आहे. त्यांचं जन्मगाव रायपूर, पण ते पंजाबातल्या मुलतानकडचं, आज पाकिस्तानात गेलेलं खेडं. नागपूरच्या मुलाला रायपूर म्हटलं की हावडा लाइनवरचं आपलं रायपूर आठवतं. नावाला दुवा लावताना तो छत्तीसगडला लागला तर एका क्षणात माणसाचं गाव हजारभर किलोमीटर सरकतं. दुव्यावर टिचकी मारून तो नेमका कुठं नेतो ते पाहणं म्हणून गरजेचं आहे.

भारत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानशी जोडलेले विषय इंग्रजी विकिपीडियाने खास वादग्रस्त ठरवून त्यांच्यासाठी कडक नियम केलेले आहेत. एरवीही तिथं कोणत्याही लेखात एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला की संपादनावर बंदी येऊ शकते. हे मला मान्य. मान्य नाही ते भारतीय लिप्यांबद्दलचं धोरण. कोणती लिपी आधी, कोणती नंतर यावर इतकी भांडणं झाली की लेखाच्या सुरुवातीला आणि चौकटीत भारतीय लिपीतलं नाव शक्यतो देऊच नये असं तिथं ठरलं. भांडण मिटलं, पण किंमत वाचकाने मोजली. ग्रीक गावाचं नाव ग्रीक अक्षरांत वाचायला मिळतं आणि आपल्या गावाचं देवनागरीत मिळत नाही. ग्दान्स्कसाठी जी चिकाटी दाखवली तीच इथं दाखवता आली असती.

आता मराठीकडे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला, म्हणजे महाराष्ट्र दिनाला. शब्द फार छान केलेत. सगळ्यांनी जमून बोलायची जागा चावडी, सराव करायची जागा धूळपाटी, व्यवस्था पाहणारे प्रचालक, आणि पुरावा नसलेल्या वाक्याशेजारी 'संदर्भ हवा' ही पाटी. अडचण माणसांची आहे. लिहिणारे थोडे, त्यातले वाद घालून विषय तडीला नेणारे आणखी थोडे. इंग्रजीत चर्चापानं भरून वाहतात, मराठीत अनेक महत्त्वाच्या लेखांची चर्चापानं कोरी असतात. कोरं चर्चापान पाहून लेखाबद्दल सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नका. बहुधा तो लेख अजून कुणी तपासलेलाच नसतो.

आणि ज्ञानकोशाची परंपरा आपल्याला नवी नाही, नागपूरला तर नाहीच. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जन्म 1884 साली रायपूरला झाला, हे छत्तीसगडचं रायपूर, तेव्हा मध्य प्रांतात. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळ काढलं ते नागपुरात, रीतसर मर्यादित कंपनी म्हणून. पुढे काम पुण्याला हललं आणि 1920 च्या दशकात 23 खंडांचा डोंगर उभा राहिला. नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली वाईला मराठी विश्वकोश आकाराला आला. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. चूक सापडली तर कुणाला विचारायचं ते कळतं. विकिपीडियावर ती जबाबदारी नावावर नसून संदर्भावर असते. लिहिणारा टोपणनावाचा कुणीही असेल, पण वाक्याला पुस्तक आणि पान क्रमांक जोडलेला हवा. म्हणूनच मराठी विकिपीडियावर संदर्भाविना उभी असलेली वाक्यं मला जास्त टोचतात. लेखकाचं नावही नाही आणि पुस्तकाचंही नाही, मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

एक वाद सविस्तर सांगते. विषय होता एका जुन्या मराठी गायकाचा. नाव मुद्दाम देत नाही. चर्चा अजून पूर्ण मिटलेली नाही, आणि बाहेरून माणसं गोळा करून वादात आणणं विकिपीडियाच्या नियमात बसत नाही, ते मला योग्यही वाटत नाही. गायक जन्माने सौंसरचे, छिंदवाडा भागातले. गाणं सगळं नागपूरचं, 1948 मध्ये इथं आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर तिथून गाजलेलं. लेखात कुणी लिहिलं 'महाराष्ट्रातील गायक', दुसऱ्याने खोडून केलं 'मध्य प्रदेशातील गायक', आणि ते दिवसचे दिवस पुढेमागे होत राहिलं. मी चर्चापानावर लिहिलं की कारकीर्द नागपूरची आहे, तेव्हा मध्य प्रदेश टिकत नाही. समोरून उत्तर आलं, "ताई, ते मराठी नव्हते असं मी कुठं म्हणून राहिलो? आम्ही पांढुर्ण्याचे. आमच्या घरी पण मराठीच बोलतात. पण सौंसर महाराष्ट्रात कसं लिहून देता?"

बरोबर होतं त्यांचं. सौंसर, पांढुर्णा हा मराठी बोलणारा पट्टा 1956 साली रेषेच्या पलीकडे राहिला, आणि इकडे आपण मराठी माणूस म्हटला की त्याला परस्पर महाराष्ट्रात टाकून मोकळे होतो. मी लिहिलं, "दादा, मग दोन्ही राज्यं वरच्या ओळीतून काढू. जन्माच्या वेळी सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते." त्यांनी अट घातली, जन्मसालाला छापील आधार हवा. तिथं खरी कसोटी लागली. गायकाच्या नात्यातल्या कुणीतरी जन्मपत्रिकेचा फोटो दिला होता. तो चालला नाही, कारण ती कुठं प्रसिद्ध झालेली नाही आणि दुसऱ्या कुणाला पडताळता येत नाही. घरच्यांना ते लागलं असेल, मला समजतं. शेवटी दादांना एका संगीत संमेलनाची स्मरणिका मिळाली आणि मला एका मासिकाच्या बांधीव अंकात परिचय सापडला. दोन्हीकडची सालं एका वर्षाने वेगळी निघाली. आता लेखात दोन्ही सालं आहेत, दोन्हींना संदर्भ आहेत, आणि पहिल्या वाक्यात आहे 'नागपूर आकाशवाणीवरून गाणारे मराठी गायक'. त्या ओळीत सौंसरही दुखावलं जात नाही आणि नागपूरही.

ज्या वाचनालयात मला तो अंक मिळाला तिथं पानाचा फोटो काढू देत नाहीत. जुना कागद आहे, त्यांची काळजी रास्त आहे. फोटोची गरजही नसते. अंकाचा महिना, वर्ष आणि पान क्रमांक टिपून आणला की पुरे. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे असा विकिपीडियाचा नियम नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. ही समजूत नसल्यामुळे मोठं नुकसान होतं. मुलं गुगलवर जे फुकट सापडतं तेच जोडतात. आमच्या भागाबद्दल काय सापडतं? रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड, लंडनहून 1916 साली निघालेले. स्कॅन होऊन पडलेत, शोधायला सोपे. पण जातींबद्दलच्या दाव्यांसाठी इंग्रज राजवटीतली अशी पुस्तकं इंग्रजी विकिपीडियावर विश्वसनीय धरत नाहीत, आणि मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो. लोकांवर राज्य करणाऱ्यांनी त्यांची केलेली वर्गवारी ही त्या लोकांची ओळख म्हणून आजच्या लेखात जशीच्या तशी उतरवायची नसते. मराठीतही हाच दंडक काटेकोर पाळला जावा असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं मला सगळ्यात जास्त जाणवलं ते सावजीच्या निमित्ताने. माझी एक विद्यार्थिनी कोष्टी कुटुंबातली, घरी हातमाग होता. तिने धूळपाटीवर सावजी जेवणाबद्दल सुंदर मजकूर लिहिला. मसाला भाजायची रीत, तेलाचा हात, खसखस, सुकं खोबरं, आणि विणकरांच्या घरातून हे जेवण भोजनालयांत कसं आलं ते. संदर्भ काय? आजी. विकिपीडियाचा मूळ नियम असा की स्वतःचं संशोधन चालत नाही, आधी ते कुठं तरी प्रसिद्ध झालेलं हवं. म्हणजे आजीने सांगितलेलं नातीला लिहिता येत नाही, पण आजीकडून ऐकून कुण्या पत्रकाराने पुरवणीत चार ओळी खरडल्या तर त्या चालतात. नियमामागचं कारण मला कळतं आणि वर्गात मी तो नियमच शिकवते, तरीही त्या मुलीला हे सांगताना वाईट वाटलं. 2011 साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून तिचा संदर्भ म्हणून वापर करण्याचा एक प्रयोग झाला होता. तो सर्वमान्य नियम झाला नाही. ज्या समाजाचं ज्ञान हातात आणि जिभेवर राहिलं, पुस्तकात गेलंच नाही, त्याच्यासाठी विकिपीडियाचं दार अजून अर्धंच उघडं आहे. मराठीचे पाचपैकी दोन गुण मी कापले ते मुख्यतः यासाठी.

पदार्थांच्या लेखात आणखी एक गफलत सारखी दिसते. भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं म्हणजे पदार्थ तिथंच जन्मला, असं धरून लिहितात. नागपुरी संत्र्याला 2014 साली मानांकन मिळालं. त्याचा अर्थ इथल्या मातीतल्या त्या फळाचा वेगळेपणा नोंदला गेला, संत्रं जगात पहिल्यांदा इथं उगवलं असा नव्हे. रसगुल्ल्याचं उदाहरण यावर उत्तम आहे. 2017 साली पश्चिम बंगालच्या रसगुल्ल्याला मानांकन मिळालं तेव्हा वाद संपला असं लोक लिहू लागले, आणि 2019 साली ओडिशाच्या रसगोल्यालाही मिळालं. आधी कुणी केला हा प्रश्न मानांकन देणाऱ्या कार्यालयाने दोन्ही वेळा सोडवलेलाच नाही. मानांकनाचा दाखला जोडून 'उगम' लिहिलेलं वाक्य दिसलं की मी आता सरळ 'संदर्भ हवा' लावते.

वापराबद्दल थोडं. मोबाईलवर वाचताना कधी कधी चर्चापान सहज नजरेस पडत नाही. पानाच्या तळाशी 'डेस्कटॉप' लिहिलेलं असतं, ते दाबा, मग वर लेखाच्या नावापाशी 'चर्चा' आणि बाजूला 'इतिहास पहा' दिसतं. शिक्षकांनी मुलांना प्रकल्प देताना लेखाची छापील प्रत मागू नये, इतिहासातला एखादा वादग्रस्त बदल शोधून तो का झाला ते लिहायला सांगावं. माझ्या वर्गात याने 'तिथं लिहून आहे'च्या जागी 'तिथं अमुक पुस्तकाचा आधार देऊन लिहून आहे' असं यायला लागलं आहे.

त्या विद्यार्थिनीचा मजकूर अजून धूळपाटीवरच आहे. सावजी जेवणाचा जुना छापील उल्लेख कुणाच्या घरी असेल, पाककृतीचं पुस्तक, दिवाळी अंक, विणकर संस्थेची स्मरणिका, काहीही, तर पुस्तकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक मराठी विकिपीडियावरच्या सावजीच्या चर्चापानावर टाका. खातं नसलं तरी चालतं, आणि ओळ मराठीत, वऱ्हाडीत, जशी येईल तशी लिहिली तरी चालते.